ऑफिसात विकी टाकली त्याची गोष्ट

आमचं काम सबमर्सिबल पंप आणि पॅनलच्या सर्व्हिसिंगचं, कोल्हापूर आणि आजूबाजूच्या गावांत. कुठली मोटार का जळते हे सगळं दोन-तीन जुन्या मेकॅनिकांच्या डोक्यात, बाकीचं व्हॉट्सॲप ग्रुपवर, आणि तिथं गेल्या महिन्यातला फोटो शोधायचा म्हणजे नुसतं स्क्रोल करत बसा. विकिपीडिया रोज बघायचो पण तसलं काही, म्हणजे विकी, सगळ्यांनी मिळून लिहायची आणि सुधारायची वेबसाइट, आपल्या ऑफिसात पण चालू शकतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. वाचत गेलो तर कळलं, पहिली विकी वॉर्ड कनिंगहॅमनं १९९५ ला काढली, विकिपीडिया त्यानंतर २००१ ला, आणि ती पहिली पण प्रोग्रामर लोकांनी कामातलं ज्ञान एकमेकांसाठी लिहून ठेवावं म्हणूनच. म्हणजे आमचीच गरज की!

मीडियाविकीला (विकिपीडिया ज्यावर चालतो ते सॉफ्टवेअर) डेटाबेस लागतो म्हणून ती सोडली. डोकुविकी नावाचं दुसरं विकी सॉफ्टवेअर घेतलं, पीएचपी (वेबसाइटसाठीची प्रोग्रामिंग भाषा) चालणारा सर्व्हर असला की झालं, पानं साध्या टेक्स्ट फाइलमध्ये राहतात, फोल्डर कॉपी केलं की बॅकअप. ऑफिसातल्या जुन्या पीसीवर टाकलं. एक लोचा मात्र आहे, पानाचं नाव मराठीत दिलं की फाइलच्या नावात प्रत्येक अक्षराचे, काना-मात्रेचे सुद्धा, टक्क्याची खूण असलेले नऊ कॅरॅक्टर होतात, त्यामुळे नाव जरा लांब झालं की सेव्हच होत नाही. मग पानाचं नाव छोटं इंग्रजी ठेवायचं, मथळा मराठीत लिहायचा आणि सेटिंगमधून नावाऐवजी मथळा दिसेल असं करायचं.

खरी अडचण माणसांची होती. सगळे वाचायचे, लिहायचं कुणी नाही. आमच्या एका पोरानं लिहिलं होतं, 'मोटार सुरू होऊन ट्रिप झाली तर ओव्हरलोड रिलेचं सेटिंग वाढवा' (ट्रिप म्हणजे आपोआप बंद पडणं, आणि हा रिले करंट जास्त झाला की मोटार बंद करतो). मामांनी (आमचे सगळ्यात जुने मेकॅनिक) ते वाचलं आणि माझ्याकडं आले, "हे चुकीचं हाय, पण त्यानं लिवलेलं मी कसं खोडू?" त्यांना जुन्या आवृत्त्या उघडून दाखवल्या, काय खोडलं आणि काय घातलं ते शेजारी शेजारी रंगात दिसतं, आणि एका क्लिकवर पहिलं होतं तसं परत आणता येतं. मग बसले आणि एका बोटानं टाइप करत लिहिलं: आधी तिन्ही फेजचं व्होल्टेज बघा, एक फेज गेलेला असला तर बाकीच्या दोनावर करंट वाढतो, अशात रिले वाढवला तर मोटार जळणार. त्या पोराला राग वगैरे काही आला नाही, उलट त्यानंच खाली मीटर कुठं लावायचा त्याचा फोटो टाकला. त्यानंतर मामा सुटलेत. लाल लिंक दिसली, म्हणजे पान अजून लिहायचंय, की कुणाला तरी धरून लिहायला बसवतात.

घरासाठी टिडलीविकी वापरतोय, अख्खी विकी एकाच एचटीएमएल फाइलमध्ये. आईची औषधं, घरपट्टी, मिक्सरची वॉरंटी. दर वेळी सेव्ह केलं की नवीन कॉपी डाउनलोड होते, ते वैतागवाणं आहे, पण चालतंय. बायको अजून डायरीच वापरते.

ऑफिसची विकी सध्या ऑफिसच्या वायफायवरच उघडते आणि खरी गरज असते ती शेतात, बोअरजवळ. ऑनलाइन टाकायची तर रेटची पानं आधी लॉगिनच्या आत घालावी लागतील, मालकांची परवानगी बाकी आहे, तोवर पोरं निघताना पानाचा फोटो काढून नेतात.