१५ तारीख

आज पीएफ भरायचा शेवटचा दिवस. भोसरीतलं आमचं वर्कशॉप, पंचवीस पोरं. मोठ्या गिऱ्हाइकाचं पेमेंट ४५ दिवसांत यायला हवं, कायदाच आहे तसा, झाले ९०. स्टीलवाला सकाळपासून दारात. रात्री तीन तास झोप, पोटात नुसता चहा. स्क्रीनवर चलन उघडं आणि डोक्यात एकच: पोरांच्या पगारातून कापलेले १२ टक्के आत्ता फिरवू, पुढच्या महिन्यात व्याजासकट भरू. चोरी वगैरे वाटलंच नाही हो, ‘ॲडजस्टमेंट’ वाटली!

तेवढ्यात लेथवरचा पोरगा आत डोकावला. हात ऑइलने काळे. “दादा, पीएफमधून ॲडव्हान्स निघेल का? बहिणीचं लग्न आहे.”

चलन भरलं. स्टीलवाल्याला सोमवारचा वायदा. चिडलाय, फोन उचलत नाहीये.