रावसाहेबांचा पंचनामा

जपानच्या सहलीत किल्ला म्हटलं की हिमेजी. पांढराशुभ्र, स्टेशनातून बाहेर पडलं की सरळ समोर, फोटोला उत्तम. मी टूर मॅनेजर म्हणून पुण्याहून जपानला ग्रुप नेते आणि बहुतेकांचं हिमेजीवर समाधान होतं. त्या एप्रिलमधला ग्रुप मात्र वेगळा होता. साठी ओलांडलेली पण राजगड, रायगड, हरिश्चंद्रगड पालथे घातलेली मंडळी. बुकिंगच्या वेळीच त्यांनी बजावलं होतं, "सिमेंटचा किल्ला नको." मागणी रास्त होती. ओसाकाचा मनोरा 1931 सालचा काँक्रीटचा आहे. ओकायामाचा काळा मनोरा 1945 च्या बॉम्बहल्ल्यात जळाला आणि 1966 मध्ये काँक्रीटमध्ये पुन्हा उभा केला. 'तेन्शु', म्हणजे गडावरचा मुख्य मनोरा, मूळ लाकडात शाबूत असलेले असे देशभरात 12 उरलेत.

म्हणून ओकायामात मुक्काम ठेवून एक अख्खा दिवस दोन आडवाटेच्या किल्ल्यांना दिला. सकाळी डोंगरावरचा बित्चू मात्सुयामा, दुपारी समुद्राकाठचा आको. आदल्या दिवशी कोराकुएन बाग बघून झाली होती. आपलं सिंहगड रोडवरचं पु. ल. देशपांडे उद्यान त्याच बागेच्या धर्तीवर केलेलं असल्यानं पुणेकरांनी "हे तर बघितलंय" म्हणत ती तासाभरात उरकली.

ग्रुपमध्ये एक निवृत्त तहसीलदार होते. सगळे त्यांना रावसाहेबच म्हणत. गडकिल्ल्यांची हौस त्यांच्या मिसेसना. हे आपले सोबतीला. क्योतोपासून त्यांचं एकच काम चाललेलं, बसमध्ये डुलकी काढणं.

मात्सुयामाचा डोंगर 430 मीटरचा. वाहनं फुइगो खिंडीपर्यंत जातात, पुढे वीसेक मिनिटांची पायवाट. वाटेवर लाकडी पाट्या आहेत, जुन्या दरबारी भाषेत: 'घाई न करता सावकाश चालावे', आणि खाली सही, 'गडाचा धनी'. मी पाटी वाचून दाखवली की मागून कुणीतरी "जी सरकार" म्हणायचं.

महादरवाजाच्या जागी पोहोचलो आणि आमची ट्रेकर मंडळी गप्प झाली. समोर उभा कातळ, त्याच्या डोक्यावरच रचलेली दगडी भिंत, त्यावर पांढरी मातीची तटबंदी. निसर्गानं दिलेलं टाकायचं नाही, त्यालाच तट करायचं, ही रीत सह्याद्रीत हिंडणाऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. तटाला जंग्या, म्हणजे मारा करायची भोकं, दोन प्रकारच्या: उभट चौकोनी बाणांसाठी, गोल बंदुकीसाठी. एका काकांनी गोल भोकाला डोळा लावला, खाली वळणावर धापा टाकत येणाऱ्या स्वतःच्या बायकोवर नेम धरला, आणि ती वर आल्यावर यथास्थित बोलणी खाल्ली.

मनोरा बघून मात्र निराशा झाली. दोन मजली, जेमतेम अकरा मीटर उंच. आत शिरल्यावर जमिनीत खोदलेली लांबट चूल, काळवंडलेले खांब, वरच्या मजल्यावर देव्हारा. "एवढ्याशात राजा राहायचा?"

"इथं कुणीच राहायचं नाही," मी सांगितलं. धन्याचा वाडा पायथ्याशी होता, आज तिथं हायस्कूल आहे. वर फक्त पहारा. आणि वाड्यात तरी धनी कितीसा असायचा? 1635 पासून तोकुगावा सरकारचा नियमच होता: दाइम्योनं, म्हणजे अशा गडाच्या सरदारानं, एक वर्ष आपल्या मुलखात राहायचं आणि एक वर्ष एदोत, म्हणजे आजच्या तोक्योत, हजेरी द्यायची. बायकामुलं कायमची एदोत, ओलीसच म्हणा. 1615 साली आणखी दोन हुकूम निघाले होते. एका मुलखात एकच किल्ला ठेवायचा, बाकीचे पाडायचे. आणि असलेला किल्ला दुरुस्त करायचा तर आधी सरकारची परवानगी घ्यायची. हिरोशिमाच्या फुकुशिमा मासानोरीनं पुरात ढासळलेला तट रीतसर परवानगीविना बांधला, आणि 1619 मध्ये त्याचा अख्खा मुलूख गेला. हा काही ऐरागैरा नव्हता. सेकिगाहाराची लढाई तोकुगावांना जिंकून देणाऱ्यांपैकी एक.

तेवढ्यात मागून रावसाहेबांचा आवाज आला. त्या सहलीतलं त्यांचं हे पहिलं सविस्तर वाक्य असावं.

"म्हणजे किल्ला त्याच्या मालकीचा नव्हताच. भोगवटादार वर्ग दोन. विकायचं नाही, बांधायचं नाही, शर्तभंग झाला की सरकारजमा."

ज्यांच्या सातबाऱ्यावर कधी 'वर्ग 2' लागलाय ते खो खो हसले. मुंबईच्या दोघांना कळलंच नाही. मला मात्र वाटलं, या विषयावर मी इतकी वर्षं जी लांबण लावत आले ती यांनी एका ओळीत आटोपली.

मग मी त्यांना या गडाची जप्ती सांगितली. आजचा मनोरा 1683 मध्ये मिझुनोया कात्सुमुने यानं सध्याच्या रूपात उभा केला. दहाच वर्षांत, 1693 मध्ये, त्याचा वारस निपुत्रिक गेला. घाईघाईनं घेतलेला दत्तकही मंजुरीआधीच वारला. घराणं बुडीत, मुलूख सरकारजमा. गड ताब्यात घ्यायचं काम आकोच्या आसानो घराण्यावर आलं. त्यांच्या वतीनं 1694 मध्ये इथं आला तो त्यांचा मुख्य कारभारी, ओइशी कुरानोसुके. सांगतात की मिझुनोयांचे चाकर गड सोडायला तयार नव्हते. त्यांच्या कारभाऱ्याचं नावही योगायोगानं कुरानोसुकेच, त्सुरुमी कुरानोसुके. ओइशी वाटाघाटीला त्याच्यापुढे जाऊन बसला आणि एक थेंब रक्त न सांडता गड घेतला. पुढचा धनी नेमून येईपर्यंत वर्षभराहून जास्त काळ त्यानंच गड सांभाळला.

"यादी कुणी केली?" रावसाहेब.

"कसली यादी?"

"अहो ताई, ताबा घेतला म्हणजे यादी होणार. शस्त्रं किती, धान्य किती, दारं-खिडक्या किती. पंच कोण, सही कुणाची. मी जप्त्या केल्यात. माणूस भांडतो तो घरावरून नाही, यादीवरून."

एवढ्यात सान्जूरो आला आणि सभा उधळली. हे मांजर 2018 च्या पुरानंतर गडावर येऊन राहिलं आणि आता रीतसर 'गडाचा धनी' म्हणून ठरलेल्या वेळी फेरी मारतं. तमाम काकूवर्ग तिकडे. "याची तरी एदोला बदली नाही," रावसाहेब म्हणाले.

बसमध्ये डबे उघडले, ठेपले फिरले. रावसाहेब झोपले नाहीत. पुढच्या सीटवर येऊन त्यांनी मला सांगायला लावलं, की दुसऱ्याचा गड इतक्या शिस्तीत ताब्यात घेणाऱ्या ओइशीवर सातच वर्षांनी स्वतःच्या धन्याचा गड देण्याची वेळ कशी आली.

आकोत रस्त्यालगत एक विहीर आहे, 'दम घेण्याची विहीर'. 1701 मध्ये, आपल्या हिशेबानं 21 एप्रिलला, आकोचा सरदार आसानो नागानोरी यानं एदोच्या राजवाड्याच्या ओसरीत किरा नावाच्या वयस्क दरबारी अधिकाऱ्यावर तलवार उपसली. का, याचा वाद आजही मिटलेला नाही. किरा वाचला. आसानोला त्याच संध्याकाळी पोट फाडून घेण्याचा हुकूम झाला. किराला काहीही शिक्षा नाही, आणि खरी ठिणगी हीच. बातमी घेऊन दोन चाकर पालखीतून निघाले. जवळपास 620 किलोमीटर, साडेचार दिवस, रात्रंदिवस, दर ठाण्यावर भोई बदलत, हिसक्यांनी आतडी पिळवटू नयेत म्हणून पोटाला कापड आवळून. गडात शिरण्याआधी या विहिरीवर ते पाणी प्यायले.

तिथंच आमचे स्थानिक गाइड भेटले. सत्तरीचे, स्वयंसेवक, हातात प्लास्टिकच्या पानांची फाइल, पान उलटायला बोटाला रबरी टोपी. ती टोपी बघून रावसाहेबांचा चेहरा खुलला.

आकोच्या बालेकिल्ल्यात आज वाडा नाही. पण त्याचा नकाशा जमिनीवर पूर्ण मापात आखून ठेवलाय: ही बैठक, हा बोळ, ही आतल्या बायकांची बाजू. भिंती नाहीत, नुसत्या रेषा. आमची मंडळी रेषा न ओलांडता दारादारांतून फिरायला लागली. एका काकूंनी तर "इथं चप्पल चालेल का?" विचारलं. तिथंच उभं राहून गाइडनी त्या महिन्यातल्या बैठका सांगितल्या. तीनशेच्या आसपास चाकर, एका दिवसात सगळे बेकार. काही म्हणाले, दरवाजे लावून लढू. काही म्हणाले, वेशीवर सामुदायिक आत्महत्या करू. काही म्हणाले, पैसे वाटा आणि मोकळं करा. मी प्रत्येक वाक्य मराठीत सांगत होते आणि इकडे रावसाहेबांची चुळबुळ वाढत होती.

"ते शूरपणाचं राहू द्या. तिजोरीचं काय झालं विचारा."

विचारलं. गाइडनी फाइलमधलं नेमकं पान काढलं. मुलखाच्या स्वतःच्या कागदी नोटा चलनात होत्या. सरदार गेला म्हटल्यावर त्या बदलून घ्यायला लोकांची झुंबड उडाली. नोटेच्या किमतीच्या 60 टक्के दरानं चांदी देऊन कारभाऱ्यांनी त्या परत घेतल्या. बुडीत मुलखाच्या मानानं हा दर फार चांगला समजला गेला.

"साठ टक्के?" रावसाहेब जवळजवळ ओरडले. "अवसायनात गेलेल्या पतसंस्थेत दहा वर्षं खेटे घालून एवढे मिळत नाहीत."

हे मी जपानीत कसंबसं सांगितलं. गाइड इतके हसले की फाइल खाली पडली.

मग दोघांचं जमलंच. मी मध्ये नावापुरती. चाकरांना द्यायची रक्कम वाटताना वरच्या हुद्द्याला कमी प्रमाण, खालच्याला जास्त. दीड हजार कोकु तैनात असलेल्या ओइशीनं स्वतः काही घेतलं नाही असं म्हणतात. (एक कोकु म्हणजे एका माणसाला वर्षभर पुरेल एवढा तांदूळ, साधारण दीडशे किलो.) मग 26 मे रोजी तात्सुनोचा वाकिसाका आणि आशिमोरीचा किनोशिता हे दोन सरदार फौज घेऊन आले आणि गड त्यांच्या हवाली झाला. सरकारी निरीक्षक आधीच येऊन तपासणी करून गेले होते. त्यांच्यापुढे ओइशी एकच विनंती पुनःपुन्हा करत राहिला, धन्याच्या धाकट्या भावाला घराणं चालवू द्या. गड दिल्यावरही तो गेला नाही. एका देवळात बसून उरलेले हिशेब त्यानं पुरे केले.

"चार्ज दिल्यावर राहिला?" रावसाहेबांनी आमच्या लोकांकडे वळून बघितलं. "बघा. बदलीची ऑर्डर आली की आमच्याकडे माणूस दुपारीच सुटतो."

ग्रुपमधल्या एका इतिहासवाल्या काकांना आता राहवेना. शिवरायांच्या गडावर हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे तिघे बरोबरीचे, तिघे एकाच जातीचे नसत, म्हणजे एकट्याच्या मनात आलं म्हणून गड देता येत नसे, हे त्यांनी ठासून सांगितलं. शिवाय बदल्या व्हायच्या, गड कुणाचं वतन नव्हतं. इथं पिढीजात सरदार आणि त्याचे पिढीजात चाकर. रावसाहेबांनी ते मान्य केलं, वर विचारलं, "पुरंदरच्या तहात 1665 ला 23 किल्ले द्यावे लागले, तेव्हा याद्या झाल्याच असतील की?" काका म्हणाले, बघून सांगतो. पुढचा अर्धा तास ते मोबाइलमध्ये होते.

बालेकिल्ल्याच्या कोपऱ्यात मनोऱ्याचा दगडी चौथरा आहे. 1648 ते 1661, तेरा वर्षं किल्ला बांधला, चौथरा केला, मनोरा कधी उभाच केला नाही. पायऱ्या चढून वर गेलं की काही नाही, नुसता वारा. ट्रेकर मंडळींना हा चौथरा भयंकर आवडला. मला विचाराल तर आकोची खरी गंमत तटात आहे. जागोजागी मोडलेला, कोन काढलेला, म्हणजे कुठूनही आलेल्या शत्रूवर दोन बाजूंनी मारा. पण ते सांगायला त्या दिवशी मला कुणी वेळच दिला नाही.

शेवटी 1912 चं ओइशीचं देऊळ, वाटेवर दुतर्फा त्याच्या साथीदारांचे दगडी पुतळे. जुन्या पंचांगाप्रमाणे 1702 च्या बाराव्या महिन्यात, बर्फातल्या रात्री, ओइशीसह या 47 जणांनी धन्याच्या सुडापोटी एदोत किराचं डोकं उतरवलं. पुढच्या वर्षी त्यातल्या 46 जणांनी हुकुमाप्रमाणे पोट फाडून घेतलं. सुटला तो तेरासाका किचिएमोन, पायदळातला साधा शिपाई. जपानात हे पोराटोरांना ठाऊक असतं. एरवीचे ग्रुप इथंच फोटो काढतात.

"तीनशेतले 47," रावसाहेब म्हणाले. "बाकीच्यांनी काय वाईट केलं? हिशेब घेतला, घरी गेले. पोरंबाळं असतील." यावर बसमध्ये ओकायामापर्यंत वाद रंगला. आकोचे मिठाचे मांजू, म्हणजे खारट-गोड सारणाच्या छोट्या मिठाया, हातोहात संपल्या आणि वाद उरलाच.

वाद तोडला तो त्यांच्या मिसेसनी. "त्या ओइशीची बायको कुठं गेली? ते सांग ना ग ताई."

रिकु तिचं नाव. हल्ल्याच्या वर्षीच ओइशीनं तिला माहेरी, तोयोओकाला पाठवलं, आणि तिथं धाकटा मुलगा झाला. थोरला बापाबरोबर गेला. धाकट्याला 1713 मध्ये हिरोशिमाच्या आसानोंनी, म्हणजे थोरल्या पातीनं, चाकरीत घेतलं. तैनात दीड हजार कोकु.

"दीड हजार?" रावसाहेब सीटवरून उठले. "म्हणजे अनुकंपा तत्त्वावर, आणि तेही वडिलांच्याच ग्रेडवर! ताई, त्या गाइडसाहेबांना उद्या एक फोन लावा. ऑर्डर कुणाच्या सहीनं निघाली, तेवढं विचारायचंय."