मेमोरियल डे आणि गाद्या

"मेमोरियल डे, गाद्यांवर भरघोस सूट!" सकाळी अमेरिकेतली ही जाहिरात दिसली. मेमोरियल डे म्हणजे तिथला युद्धात मेलेल्या सैनिकांच्या स्मरणाचा दिवस. मग दक्षिण कॅरोलायनातलं चार्ल्सटन शहर डोक्यातून जाईना.

तिथल्या रेसकोर्सवर अमेरिकन यादवी युद्धात दक्षिणेने पकडलेल्या उत्तरेच्या सैनिकांची कैदछावणी होती. मेलेल्या किमान २५७ जणांना प्रेक्षागृहामागे घाईघाईने पुरलेलं. शहर उत्तरेच्या हाती पडल्यावर कृष्णवर्णीय कामकऱ्यांनी त्यांना उकरून नीट दफन केलं, भोवती कुंपण घातलं. १ मे १८६५ ला तिथे त्यांच्या स्मरणार्थ सुमारे १०,००० माणसं जमली, बहुतेक नुकतीच गुलामीतून सुटलेली. पुढे हातात गुलाब घेतलेली शाळकरी मुलं.

३० मेला कबरींवर फुलं वाहण्याचा जनरल लोगन यांचा आदेश १८६८ चा. (३० मेऐवजी मे महिन्यातला शेवटचा सोमवार, १९७१ पासून. जोडून सुट्टी आली, मग सेल आलेच!)

१९६६ मध्ये सरकारने या दिवसाचं जन्मस्थान ठरवलं न्यूयॉर्क राज्यातलं वॉटर्लू, तिथल्या १८६६ च्या कार्यक्रमासाठी. चार्ल्सटन कुणाला आठवलं नाही, की आठवायचंच नव्हतं?