तानपुरे जुळेपर्यंत एक प्रकरण

डिसेंबरात सोलापूरहून पुण्याला ‘सवाई’ हा शास्त्रीय संगीताचा महोत्सव ऐकायला निघालात तर पिशवीत एखादं जुनं बालपुस्तक टाका. दोन कलाकारांच्या मध्ये मंच आवरणं, माईक तपासणं, तानपुरे जुळवणं यात पंधरा-वीस मिनिटं सहज जातात. जाडजूड कादंबरी तेवढ्यात पकड घेत नाही; ‘श्यामची आई’मधली एखादी रात्र मात्र वाचून होते. अशा ४२ रात्री आहेत. मोठेपणी वाचताना आईइतकेच कर्जापायी खचत गेलेले वडीलही दिसू लागतात.

प्रवासात भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे बरा. तो मूळचा फुरसुंगीचा, आणि एसटीने जाताना हडपसरच्या अलीकडे डाव्या हाताला फुरसुंगीच येते. कुठलंही बालपुस्तक घेताना मुखपृष्ठावर ‘संक्षिप्त’ लिहिलंय का, ते बघा. संक्षेपात घटना राहतात, गंमत जाते. ‘किशोर’ मासिकाचे १९७१ पासूनचे जुने अंक बालभारतीने इंटरनेटवर फुकट ठेवलेत. पण मंडपात मोबाइल उघडू नका, मागच्याच्या डोळ्यांत उजेड जातो.

बसायला सोलापुरी चादर चौघडी करून घ्या. भारतीय बैठकीत दोन तासांनी गुडघे बोलायला लागतात, आणि रात्री जमिनीतून गारवाही चढतो. कडक भाकरी आणि शेंगाचटणी टिकते म्हणून सोबत न्यायला उत्तम, पण खायची मंडपाबाहेर. आलाप चालू असताना कडक भाकरी मोडण्यासारखं पाप नाही.

नवखा श्रोता अडतो तो विलंबितात, म्हणजे संथ लयीत. दहा मिनिटं झाली की लोक वड्याच्या स्टॉलकडे निघतात, आणि राग उलगडायला लागलेला असतो नेमका तेव्हाच. त्यांना सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, सापडलेली नसते, एवढंच. अतिविलंबित एकतालात बारा मात्रांचं आवर्तन, म्हणजे तालाचा एक फेरा, मिनिटभरही चालतं, त्यामुळे मांडीवर हात आपटून मोजणारा हमखास चुकतो. त्यापेक्षा तबल्याकडे कान ठेवा. ठेक्यात ‘तिरकिट’ दोनदा येतं, चौथ्या आणि दहाव्या मात्रेला. पहिल्यानंतर ‘तू ना’ येतं, त्यात डग्गा (डाव्या हाताखालचा) नसतो, आवाज कोरडा. दुसऱ्यानंतर ‘धी ना’, त्यात डग्गा घुमतो. तो घुमला की मध्ये एक मात्रा जाते आणि लगेच सम. गायकही मुखडा, म्हणजे बंदिशीची सुरुवातीची ओळ, बहुधा तिथेच कुठेतरी उचलतो. चार-पाच आवर्तनं एवढंच ऐका, मग मान आपोआप हलते. जागा तबलजीचे हात दिसतील अशी धरा; स्पीकरच्या पुढ्यात बसलात तर नुसता दणदणाट ऐकू येईल.

रात्री १० नंतर उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद करावे लागतात. वर्षातल्या मोजक्या दिवशीच १२ पर्यंत सवलत मिळते. त्यामुळे उत्तररात्रीचे सोहनी, परज हे राग आता अशा महोत्सवांत क्वचितच कानावर पडतात. परतीला संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस उपयोगाची नाही, मैफल तेव्हा कुठे रंगात येत असते. मुंबईहून येणारी सिद्धेश्वर मध्यरात्रीनंतर पुण्यात येते, तिचंच आरक्षण आधी करून ठेवा.

ललत, भटियार हे पहाटेचे राग ऐकायचे असतील तर सोलापुरातच दिवाळी पहाट गाठा. फक्त पत्रिका आधी नीट वाचा, कारण बऱ्याच ठिकाणी दोन भक्तिगीतं झाली की सिनेमाचीच गाणी सुरू होतात.