मालिकेचा कॅमेरा आणि रात्री आठचा क्लोज

ठाण्यात घोडबंदर रस्त्यालगत मालिकांचं शूटिंग चालतं. कॅमेऱ्यात करिअर करायला आलेली मुलं बहुतेक वेळा आधी कॅमेऱ्याचं मॉडेल विचारतात. पण मालिकेत डीओपीचा, म्हणजे मुख्य कॅमेरामनचा, कस वेगळ्याच ठिकाणी लागतो. दुपारी बाराला घेतलेला मास्टर (पूर्ण सीनचा रुंद शॉट) आणि रात्री आठला घेतलेला त्याच सीनचा क्लोज (चेहऱ्याचा जवळचा शॉट) एकाच वेळेचे वाटले पाहिजेत. सिनेमात पुढे ग्रेडिंगला, म्हणजे शूटनंतर रंग जुळवायला, सवड मिळते. मालिकेत एपिसोडची बँक (आधीच तयार एपिसोडचा साठा) नसली की आजचं शूट लगेच टेलिकास्टला जातं, त्यामुळे रंग जुळायचा तो सेटवरच.

येऊरच्या डोंगरामागे ऊन लवकर जातं आणि पावसाळ्यात ढगांचा भरवसा नसतो. म्हणून खिडकीतल्या खऱ्या उन्हावर सीन सुरू करूच नये. बाहेरून काळं कापड बांधून ऊन तोडावं, फ्रेमवर ट्रेसिंग (उजेड मऊ करणारा अर्धपारदर्शक कागद) ताणावं आणि मागे चार किलोवॅटचा एचएमआय (उन्हाच्या रंगाचा मोठा दिवा) लावावा. दिवा ट्रेसिंगच्या फार जवळ आला तर मधोमध पांढरा गोळा पडतो आणि कडा अंधाऱ्या राहतात. पावसात दिव्यावर आडोसा हवाच, तापलेल्या काचेवर थेंब पडला तर ती तडकते. दोन खिडक्यांना दोन दिवे असतील तर बल्ब किती जुने आहेत हेही विचारा. एचएमआयचा बल्ब वापराबरोबर पिवळटत जातो, आणि एक नवा, एक जुना असला की अर्धी खोली निळसर दिसते.

त्यानंतर फ्लिकर, म्हणजे चित्रातली लुकलुक. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधा दिवा सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होतो. प्रत्येक फ्रेमला उजेड किती वेळ मिळतो ते शटरच्या अंशांवर ठरतं. सेकंदाला २५ फ्रेम असताना १८० अंशांचं शटर ठेवलं की १/५० सेकंद मिळतो, त्यात दिव्याचे दोन पूर्ण चढउतार बसतात आणि काम निभतं. २४ फ्रेमवर शूट असेल तर तोच १/५० मिळावा म्हणून शटर १७२.८ अंशांवर घ्यावं. तरीही पट्टे सरकताना दिसले तर जनरेटरकडे बघा. जुन्या मॅग्नेटिक बॅलास्टचा (बॅलास्ट म्हणजे दिव्याची वीज सांभाळणारी पेटी) दिवा जनरेटरच्या हर्ट्झवर चालतो, आणि हर्ट्झ हलले की चित्रही हलतं. इलेक्ट्रॉनिक बॅलास्ट फ्लिकर-फ्री मोडवर टाकला की ही अडचण जाते, पण तो गुणगुणतो. साउंडवाल्यांची तक्रार यायच्या आत लांब केबल घेऊन तो बाहेर ठेवावा. सेटवरच्या टेबललॅम्पमधले डिमरवरचे स्वस्त एलईडी बल्ब मात्र टेस्ट रेकॉर्ड करूनच वापरावेत.

पुण्याच्या एफटीआयआय या सरकारी फिल्म संस्थेचा सिनेमॅटोग्राफीचा अभ्यासक्रम तीन वर्षांचा आहे, त्याला पदवी लागते. ते जमत नसेल तर कॅमेरा अटेंडंट म्हणून सुरुवात होते: बॅटऱ्या, लेन्सची सफाई, केबल. मग असिस्टंट, फोकस पुलर (शॉटमध्ये फोकस सांभाळणारा), ऑपरेटर. माझ्या मते या काळात मॉनिटरपेक्षा लाइटमनच्या शेजारी जास्त उभं राहावं. दिवा कुठून आणि का उचलला, हे तिथेच कळतं.

आणि वही ठेवावी. मालिकेत एकाच हॉलमधले वेगवेगळ्या एपिसोडचे सीन सलग उरकतात, उरलेला शॉट कितीतरी दिवसांनी घेतला जातो. प्रत्येक सेटअपची लेन्स, स्टॉप (लेन्सचं छिद्र किती उघडं), आयएसओ (कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता), केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप), दिव्याची उंची, ट्रेसिंगपासूनचं अंतर आणि लावलेलं जिलेटिन (दिव्यावरचा रंगीत पारदर्शक कागद) लिहावं, सोबत वरून काढलेला साधा नकाशा. मोबाइलवरचा फोटो या नोंदीची जागा घेऊ शकत नाही, कारण मोबाइल एक्सपोजर आणि व्हाइट बॅलन्स स्वतःच बदलतो.