रिझ्युमेची फाइल

आज कितीतरी दिवसांनी रिझ्युमे उघडला, फाइलवर शेवटची तारीख २०२१ ची, आणि त्यानंतरचं लिहायला एक ओळ सुचेना, अर्धा तास नुसती स्क्रीनकडे बघत बसले. पोटात गोळाच आला खरं सांगायचं तर. तेच पद, तीच एक्सेल शीट, दर महिन्याला तोच रिपोर्ट.

मग जुन्या टीममधल्या ताईंना फोन लावला. त्यांनी धीर वगैरे दिला नाही, एकच विचारलं, "लोक तुझ्याकडे काय विचारायला येतात गं?" मेलबॉक्स चाळला तर नवीन जॉइन झालेल्या पोरांचे ढीगभर मेल, मॅडम हा डेटा कसा वाचायचा, हा आकडा का जुळत नाहीये. हे शिकवणं मी काम म्हणून कधी धरलंच नव्हतं! प्रमोशन नाही म्हणजे आपण जागच्या जागी, असंच डोक्यात बसलेलं.

दुपारी साहेबांकडे आठवड्याचे २ तास ट्रेनिंगसाठी मागितले, पद नको, फक्त हे काम द्या म्हटलं. बोलताना हात गार पडले होते. "सोमवारपासून करा सुरू," म्हणाले. आता पहिल्या तासाला काय घ्यायचं ते वहीत लिहितेय, रिझ्युमेची फाइल अजून उघडीच आहे.