मावशीचा फ्लॅट आणि परदेशातलं एमबीए

परवा कोथरूडला मावशीकडे गेले, तर चहाच्या आधी टेबलावर बँकेची फाइल आली. मावसभावाला जर्मनीत एमबीए करायचंय. इंजिनिअरिंग होऊन जेमतेम वर्ष झालंय आणि कर्जाला तारण म्हणून मावशीचा फ्लॅट. "ताई, तू करून बसलीयेस, तूच सांग," तो म्हणाला. मावशी गप्प होती. कागदांचे मुडपलेले कोपरे बोटाने सारखे करत बसली होती.

स्टुटगार्टहून सुट्टीवर आले की हा प्रश्न ठरलेलाच, म्हणून त्याला जे सांगितलं तेच इथे लिहितेय.

मी गेले तेव्हा चाकणला पाच वर्षं प्रॉडक्शनमध्ये काढली होती. एमबीएनंतरच्या मुलाखतीत पदवीबद्दल जेमतेम दोन प्रश्न आले. मग समोरच्या बाईंनी विचारलं, लाइनवर रिजेक्शन, म्हणजे नापास होणारे भाग, वाढले तेव्हा तुम्ही आधी काय बघितलंत? पुढचा पाऊण तास तेच. वेल्डिंग करताना भाग जागच्या जागी धरणाऱ्या फिक्स्चरची लोकेटिंग पिन झिजली होती आणि ती आम्हाला तिसऱ्या शिफ्टला सापडली, हे मी कागदावर चित्र काढून जर्मनमध्ये समजावलं. नोकरी मला त्या चित्रावर मिळाली, असं मी आजही मानते.

मग एमबीए वाया गेलं का? अजिबात नाही. ताळेबंद वाचायला मी तिथेच शिकले, आणि आज माझं निम्मं काम कॉस्टिंगचं आहे. शिवाय तिथली पदवी घेतली की नोकरी शोधायला 18 महिने राहता येतं. पण माझ्याबरोबरची जी मुलं फारसा अनुभव न घेता आली होती, त्यांचे ते महिने बघताबघता संपले. कोर्स इंग्रजीत असतो, कारखाना जर्मनमध्ये चालतो.

"जर्मनीत शिक्षण फुकट" हे एमबीएला लागू नाही. सरकारी विद्यापीठांतही एमबीएला बहुतेक वेळा वेगळी, भरभक्कम फी असते. व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे 11,904 युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कमच काढता येते अशा खात्यात, आधीच दाखवावे लागतात. आणि मावशीला कुणी सांगितलंच नव्हतं, की हप्ते शिक्षणानंतर सुरू होत असले तरी व्याज बँकेने पैसे सोडल्या दिवसापासून चढतं.

माझं मत स्पष्ट आहे. आधी तीन-चार वर्षं नोकरी कर, चाकण, तळेगाव, कुठेही. संध्याकाळी बोट क्लब रोडला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिक, बी-टूपर्यंत, म्हणजे कामावर नीट बोलता येईल इतक्या पातळीपर्यंत. मग जा, आणि तेव्हा निम्मे पैसे तुझे स्वतःचे असू देत. आज आईचं घर अडकवून जाण्याइतकी ती पदवी एकटी तुला काही देणार नाही.

तो नाराज झाला, ते दिसलंच. त्याचे मित्र याच वर्षी निघालेत, त्याची घाई मला कळते.

मावशी सोडायला जिन्यापर्यंत आली. हळूच म्हणाली, "म्हणजे आत्ता सही नको ना करू?"

"नको," मी म्हटलं.